दोघी सख्ख्या बहिणी

काजळी आणि भुरी या दोघी सख्ख्या बहिणी आहेत, हे चष्मेवाल्यांनी प्राण्यांच्या दुकानात उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं, आणि चष्मेवाल्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगितलेली गोष्ट त्यांच्या घरात काळ्या दगडावरची रेघ असायची. म्हणूनच तीन आठवड्यांनी जर्बिलांच्या, म्हणजे केसाळ शेपटीच्या त्या दोन उंदरांच्या, पिंजऱ्यातला भुसा बदलताना त्यांच्या मुलीला, म्हणजे बारकीला, भुरीच्या पोटाशी पाच गुलाबी, उघडेनागडे, शेंगदाण्याएवढे जीव वळवळताना दिसले, तेव्हा तिला आधी वाटलं की ही पिल्लं कुणीतरी बाहेरून आणून टाकली असणार. तिने आईला बोलावलं. आईने वाकून पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली दुकानात हाक दिली, की अहो, वर या जरा, बहिणींना मुलं झालीयेत. खाली खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाने चष्मेवाल्यांचं मोठ्या आपुलकीने अभिनंदन केलं.

दुकान तळमजल्यावर आणि घर त्याच्या डोक्यावर, अशी त्यांची वीस वर्षांची मांडणी. वीस वर्षांत त्यांनी निम्म्या गावाच्या नाकावर चष्मे चढवले, पण स्वतःच्या घरात एक चष्मा येऊ दिला नाही, आणि याचा त्यांना कोण अभिमान. रोज सकाळी ते बायकोला आणि बारकीला खिडकीशी उभं करून बुबुळं गरागरा फिरवायला लावत. खालून जाणारे लोक वर बघत आणि पुढे जात. 'चष्मेवाल्याचं घर, पण चष्मा कुणाला नाही,' हे वाक्य ते गिऱ्हाइकाला दिवसातून चारदा तरी ऐकवत. लोकांनाही ते पटायचं. हा माणूस स्वतः चष्मा लावत नाही, म्हणजे उगीच आपल्या गळ्यात मारणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. थोडक्यात, सगळं दुकान त्या दोन उघड्या डोळ्यांवर उभं होतं.

आता खरं काय ते सांगून टाकायला हवं, कारण चष्मेवाले स्वतः काही सांगणार नव्हते. दोन वर्षांपासून त्यांना जवळचं धड दिसत नव्हतं. अक्षरं आधी फुगली, मग एकमेकांच्या अंगावर रेलली, आणि आता तर औषधाच्या बाटलीवरचा मजकूर म्हणजे मुंग्यांची रांग झाली होती. वय अठ्ठेचाळीस. या वयात हे सगळ्यांचंच होतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? समोर बसलेल्या माणसाला ते रोज समजावत, की अहो, नजर कुठे गेलीय तुमची, हात आखूड झालेत एवढंच, आणि हसत हसत त्याला चाळिशी लावून देत. स्वतःचे हात मात्र त्यांनी लांब करत करत खांद्यातून निखळायच्या बेताला आणले होते.

बायकोला हे माहीत होतं. काचेच्या पाकिटावरचा नंबर ती सवयीनेच केल्यासारखं मोठ्याने वाचून दाखवायची, फ्रेमचे बारीक स्क्रू स्वतः पिळायची, आणि दुकानातला एकही चष्मा तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नव्हता. बोलत मात्र काही नव्हती. नवरा आपणहून सांगेल तेव्हा सांगेल, अशा विचाराने तिने दोन वर्षं मूग गिळले होते.

तर प्राण्यांच्या दुकानात झालं होतं असं. दुकानदार बिचारा प्रामाणिक. तो म्हणाला, दोन्ही माद्याच असाव्यात, पण जर्बिलांचं सांगता येत नाही, शेपटीखाली नीट बघावं लागतं. बघावं लागतं म्हटल्यावर चष्मेवाले पुढे झाले. त्यांनी काळ्या जर्बिलला शेपटीच्या बुडाशी धरून हात लांब केला, मान मागे घेतली, डोळे किलकिले केले आणि 'मादी' असा निकाल दिला. करड्या रंगाचीही तीच गत. दोघींचे चेहरे सारखे दिसतात, तेव्हा सख्ख्या बहिणी असाव्यात, ही त्यांनी वरून घातलेली भर.

आता पाच पिल्लं समोर दिसल्यावर कुणीही साधा माणूस चूक कबूल करून मोकळा झाला असता. चष्मेवाले मात्र म्हणाले की भुरी दुकानातून आली तीच दोन जिवांची. तीन आठवडे झाले, दिवस बरोबर जुळतात. काजळीचा यात काही संबंध नाही. बायकोने सुचवलं, की तरी काजळीला चार दिवस वेगळं ठेवू. त्यावर ते चक्क रागावले.

"अगं, मावशी आहे ती. बाळंतिणीला घरचं कुणी सोबत नको का?"

मावशीने बाळंतिणीला इतकी मनापासून सोबत केली, की पंचविसाव्या दिवशी भुरीला आणखी सहा झाली.

मग मात्र काजळीला वेगळा पिंजरा मिळाला. बारकीने नाव बदलायला साफ नकार दिला, त्यामुळे घरात 'काजळी बाप झाली' असंच बोललं जाऊ लागलं. आई-बाप धरून डोकी तेरा. जेवणाच्या टेबलावर पिंजरे आले आणि माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. पुठ्ठ्याचा एकही खोका घरात टिकेना. कुरतडण्याचा बारीक करकर आवाज सकाळपासून चालू असायचा, आणि खाली डोळे तपासून घेणारी माणसं छताकडे बघून विचारायची, वर सुतारकाम चाललंय का? एका नातलगाने दोन पिल्लं नेली आणि चौथ्या दिवशी पिंजऱ्यासकट परत आणून दिली. प्रत्येक फ्रेमवर एक पिल्लू फुकट द्यावं, असं चष्मेवाल्यांच्या मनात आलं होतं, पण बायकोने नुसतं बघितलं आणि तो विषय संपला.

पहिली पाच पिल्लं सात आठवड्यांची झाली तशी नर-मादी वेगळे करण्याची वेळ आली. नाहीतर ती आपल्या आई-बापाचा कित्ता गिरवणार हे उघड होतं. दुकानदाराने फोनवर समजावलं, की शेपटीखाली दोन खुणा असतात, त्यांच्यातलं अंतर बघायचं, जास्त असेल तो नर, कमी असेल ती मादी. हे ऐकून चष्मेवाल्यांना स्फुरण चढलं. चष्मा बसवताना दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची छोटी पट्टी त्यांच्या खिशात कायम असायची. माणसाच्या तोंडावरचं अंतर जो रोज मोजतो, त्याला जर्बिलच्या दुसऱ्या टोकाचं मोजणं काय अवघड? त्यांनी पट्टी काढली. पट्टीवर बारीक रेघा आहेत हे त्यांना आठवत होतं. दिसत मात्र एक करडा पट्टा होता, आणि त्याच्या पलीकडे पाय झाडणारी एक केसाळ धूसरता.

बायको हळूच म्हणाली, की खालून एखादा दोन नंबरचा आणून देऊ का, नुसता क्षणभर लावायला. चष्मेवाल्यांनी ऐकलंच नाही. त्यांनी पाचही पिल्लं अंदाजाने मोजली, दोन भाऊ आणि तीन बहिणी अशी वाटणी केली, आणि हात झटकले. दुपारी ते जेवून पडले तेव्हा बायकोने दुकानातली चाळिशी भिंगासारखी नाकावर लावून बहिणींचा पिंजरा उघडला आणि त्यातल्या एका बहिणीला गुपचूप काजळीकडे रवाना केलं. पुढे दुसऱ्या विणीच्या सहांची वाटणीही तिने अशीच मागाहून सुधारली. घरातली प्रजा वाढायची थांबली ती तिच्यामुळे. चष्मेवाले मात्र सगळ्यांना सांगत सुटले, की बघा, एकदा नीट मोजलं की पुन्हा गडबड नाही.

फक्त ते दोन भाऊ तिच्या हाताला लागले नाहीत, कारण वाटणी होताच, जेवायच्या आधीच, चष्मेवाले त्यांना शाळेत पोचवून आले होते.

बारकी सहावीत होती. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळेच मोठ्या बाई म्हणत. त्यांना वर्गात विज्ञानाच्या कोपऱ्यात एखादा प्राणी हवाच होता. फक्त पिल्लं नकोत, एवढी एक अट होती. चष्मेवाल्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, दोघे भाऊ आहेत, मी स्वतः पाहिलंय. बाईंनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? गेली सोळा वर्षं शाळेतल्या मुलांचे डोळे हेच तर तपासत होते. वर्षातला तो एक दिवस चष्मेवाल्यांना सणासारखा असायचा. इस्त्रीचा पांढरा कोट, काचांची लाकडी पेटी, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि एका डोळ्यावर हात ठेवून रांगेत उभी असलेली मुलं. तीनशे मुलांमधून ज्या आठ-दहांना खरंच दिसत नसायचं, त्यांना ते शोधून काढायचे. ते काम त्यांना मनापासून आवडायचं. एरवी गाव त्यांना 'चष्मेवाले' म्हणे, पण त्या दिवशी मुलं त्यांना 'सर' म्हणत.

बाईंनी सगळ्या पालकांना छापील चिठ्ठी पाठवली, की वर्गात जर्बिलचे दोन भाऊ येत आहेत, काळजी नसावी. दोन महिने काळजी नव्हती. मग एक दिवस शाळेतून फोन आला.

"तुमच्या दोन भावांना काल चार मुलं झाली," बाई आवाज न चढवता म्हणाल्या.

चष्मेवाल्यांची ततपप झाली. बाई पुढे जे बोलल्या त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. पालक हसताहेत, त्या म्हणाल्या, हसू देत. पण काहीजण विचारतात, की ज्यांना हे दिसलं नाही ते आमच्या मुलांचे डोळे कसे तपासणार? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तपासणीला तीन आठवडे आहेत. त्या दिवशी आधी वर्गात या आणि चूक कशी झाली ते मुलांना सांगा. पिल्लंही तोवर हातात धरण्याएवढी होतील, त्यांच्यावरच दाखवा. मुलांना पटलं तर तपासणी तुम्ही करा, नाहीतर मी दुसऱ्या कुणाला बोलावते.

ते तीन आठवडे चष्मेवाल्यांच्या तोंडाला चव नव्हती. शाळा हातची गेली की गावात बोभाटा व्हायला वेळ लागणार नव्हता, आणि उघड्या डोळ्यांवर उभं असलेलं दुकान कशावर उभं राहायचं? त्यांनी कारणं जमवायला सुरुवात केली. प्राण्यांचं वय लहान होतं. ते हलत होते. उजेड कमी होता. उजेडाचं कारण त्यांना त्यातल्या त्यात अब्रूदार वाटलं. तपासणीच्या दिवशी सकाळी कोट चढवताना त्यांनी ते बायकोला ऐकवून पाहिलं. ती कॉलर सरळ करत होती, ती थांबली.

"सोळा वर्षं तुम्ही त्या पोरांना सांगताय, दिसत नसेल तर लाजायचं नाही, सरळ सांगायचं. ते तुम्हाला सोडून बाकीच्यांनाच आहे का?"

दोन वर्षं न बोललेली बायको एकदम एवढं बोलली. तिला माहीत आहे, हे चष्मेवाल्यांना त्या क्षणी कळलं, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. ते पेटी उचलून तरातरा निघाले.

वर्गात चाळीस मुलं त्यांची वाट बघत होती. मागच्या भिंतीशी मोठ्या बाई हाताची घडी घालून उभ्या. बारकी पहिल्या बाकावर होती, जर्बिलच्या निरीक्षणाची वही तिच्याकडे असायची, ती उघडून बसली होती. चष्मेवाल्यांनी घसा साफ केला आणि उजेडाबद्दल बोलायला लागले. ते दोन-चार वाक्यं बोलतात न बोलतात तोच तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. आमच्या वर्गात उजेड पुरेसा आहे का, असं तिने अगदी सरळ मनाने विचारलं. चार मोठ्या खिडक्या होत्या. नाही म्हणायची सोय नव्हती.

"मग आता सांगा ना सर, हा मुलगा आहे का मुलगी?"

कुणीतरी पिल्लू त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उलटं धरलं आणि दुसऱ्या हाताने खिशातली पट्टी काढली. हात लांब केला. मान मागे घेतली. पिल्लू धूसर, पट्टी धूसर, आणि त्यामागे चाळीस चेहरे मात्र लख्ख दिसत होते. भिंग आणलं असतं तरी धरायला तिसरा हात नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं, की काहीही सांगितलं तरी ते बरोबर असण्याची निम्मी शक्यता आहेच. 'मुलगी' म्हणायचं आणि सुटायचं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर बारकीवर गेली.

बारकी त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिने वहीत पिल्लाचा क्रमांक घातला होता, पुढे जागा सोडली होती, आणि पेन्सिल त्या जागेवर टेकवून ती थांबली होती. बाबा म्हणतील ते लिहायचं. एवढं सगळं होऊनसुद्धा तिला बाबांच्या शब्दाबद्दल काडीची शंका नव्हती. चष्मेवाल्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी पिल्लू तिसऱ्या बाकावरच्या मुलीकडे दिलं आणि काचांची पेटी उघडली. तपासणीसाठी तात्पुरत्या काचा घालायची ती गोल, काळी, जड फ्रेम असते, ती त्यांनी बाहेर काढली. पेटीतल्या जागेवरून ओळखून दोन काचा त्यात सरकवल्या आणि फ्रेम स्वतःच्या नाकावर चढवली.

"मला जवळचं दिसत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. म्हणून चूक झाली. उजेडाचं मी खोटं सांगितलं."

मग त्या फ्रेममागे सरांचे डोळे वाटीएवढे मोठे झालेले कुणाला तरी दिसले आणि हशा उसळला. चष्मेवाले हसले नाहीत, पण त्यांना रागही आला नाही. त्यांनी पिल्लू परत हातात घेतलं, आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा हातातली वस्तू त्यांना हातातल्या वस्तूसारखी दिसली. मिशांचा एकेक केस दिसला. इवल्याशा पंजांची नखं दिसली. पट्टीवरच्या रेघा वेगवेगळ्या उभ्या राहिल्या. 'मुलगा,' ते म्हणाले. दुसरं पिल्लू घेतलं. 'ही मुलगी. फरक बघा, चार-चार जण पुढे या.' मुलं पुढे आली, बघून गेली, पुन्हा बघायला आली. बारकीने वहीत चारी जागा भरल्या. मोठ्या बाईंनी हाताची घडी सोडली आणि तपासणी सुरू करा म्हणून सांगितलं.

तक्ता समोरच्या भिंतीवर लागला, बाक मागे सरकले. चष्मेवाल्यांनी फ्रेम कपाळावर चढवली आणि बारकीलाच पहिलं बोलावलं, कारण घरच्या मुलीचं काम दोन मिनिटांचं असायचं. दर वर्षी ती शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता वाचायची. आज ती ठरल्या जागी उभी राहिली, एका डोळ्यावर हात ठेवला, आणि वाचेचना. त्यांनी छडी तिसऱ्या ओळीवर टेकवली. बारकीने हात खाली घेतला, चालत त्यांच्याजवळ आली आणि अगदी हळू बोलली.

"बाबा, तक्ता मला पाठ आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, की दुकानात हाच तर लावलाय, तिसरीत असताना पाठ केला. वरच्या दोन ओळींच्या खालचं तिला काही दिसत नाही. आपल्या घरात कुणाला चष्मा नाही, म्हणून ती बोलली नाही.

चष्मेवाल्यांना घरची खिडकी आठवली. रोज सकाळी खिडकीशी शेजारी उभं राहून बुबुळं फिरवणारी पोर, आणि आपण एकदाही तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण समोर एकोणचाळीस मुलं रांगेत होती. त्यांनी खडू घेऊन फळ्यावर मनाला येतील ती अक्षरं लिहिली, तिला मागच्या भिंतीशी नेलं, आणि कपाळावरची फ्रेम काढून, आपल्या काचा उपसून, तिच्या नाकावर बसवली. एक काच घातली, काढली, दुसरी घातली. आता बरं का मघाशी? आता. आता का आधी? आता, बाबा. घाईत काचा इकडच्या तिकडे झाल्या, पेटीत कुठली कुठून काढली ते त्यांना आठवेना.

शेवटची काच बसली. बारकीने फळा वाचला, सगळा. मग हळूहळू मान फिरवून तिने वर्ग पाहिला, ज्या वर्गात ती सहा महिने बसत होती.

"बाबा," ती म्हणाली, "त्या घड्याळाला सेकंदकाटा आहे."

बाकीच्या मुलांना यात सांगण्यासारखं काय आहे ते समजलं नाही. नंबर लिहून घ्यायला हवा होता. चष्मेवाल्यांनी तिच्या फ्रेममधली काच अलगद काढली आणि कडेवर कोरलेला आकडा बघायला डोळ्यांजवळ नेली, मग हात लांब केला, आणि मग ती मोठ्या बाईंच्या पुढे धरली.

"बाई, हे जरा वाचून सांगता का," ते सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले. "मला दिसत नाही."